वाचकांचे प्रश्न : मायनिंगला चाललेलं ग्राफिक्स कार्ड घेऊ का?

जुन्या ग्राफिक्स कार्डांबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की हे सदर पूर्ण त्यांनाच देते आहे. बहुतेकांची भीती एकच: कार्ड मायनिंगला, म्हणजे क्रिप्टो नाणी मिळवण्यासाठी दिवसरात्र गणितं करायला, वापरलेलं निघालं तर? विचारणाऱ्यांत विद्यार्थी बरेच आहेत आणि पैसे घरच्यांचे आहेत, म्हणून उत्तरं सविस्तर देते.

आधी थोडी पार्श्वभूमी. काही पत्रांत ‘बिटकॉइनचं कार्ड’ असं लिहिलंय. बिटकॉइनचं मायनिंग कित्येक वर्षांपासून एसिक नावाच्या वेगळ्या यंत्रांवर होतं. ग्राफिक्स कार्डं राबली ती प्रामुख्याने इथेरियम या नाण्यासाठी. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्या दिवसापासून त्याला मायनिंगची गरज उरली नाही. काही जण रेव्हनकॉइन, इथेरियम क्लासिक अशा दुसऱ्या नाण्यांकडे वळले, पण सगळेच तिकडे धावल्यावर एकेकाच्या वाट्याला विजेच्या बिलाइतकंही येईना. मग कार्डं विकायला निघाली. म्हणजे आज तुमच्यासमोर असलेलं कार्ड त्यानंतर एक-दोन हातांतून फिरलेलं असण्याचीच शक्यता जास्त, आणि विकणाऱ्याला त्याचा पूर्वेतिहास खरोखरच ठाऊक नसू शकतो. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी सांगते की २०२०-२२ मधलं कार्ड मायनिंगला चाललेलंच आहे असं धरून चला, त्यावर वाद घालू नका, आणि आज ते भाराखाली कसं चालतंय ते समोर बसून बघा. बघू देत नसेल तर उठा.

प्रश्न : ताई, मी सांगलीत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातला एक जण आरटीएक्स ३०८० (१० जीबी) सव्वीस हजारांना देतोय. बिल २०२१ चं आहे. तो म्हणतो, ‘हे एलएचआर कार्ड आहे, यावर मायनिंग होतच नव्हतं.’ मित्र म्हणतात, मायनिंगचं कार्ड सहा महिन्यांत मरतं. बाबांकडून पैसे घ्यायचे आहेत. काय करू?

एलएचआरचं आधी सांगते. इथेरियमचा वेग जवळपास निम्म्यावर आणणारा अडसर घालून एनव्हिडियाने (आरटीएक्स, जीटीएक्स कार्डं हिचीच) मे २०२१ पासून ३०६० टाय, ३०७० आणि ३०८० ही कार्डं विकली. तीच एलएचआर. पण मायनिंग त्यांच्यावरही होत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये एनबीमायनर या सॉफ्टवेअरने वेग सत्तर टक्क्यांपर्यंत परत मिळवून दिला आणि मे २०२२ मध्ये नाइसहॅश या मायनिंगच्या कंपनीने अडसर पूर्ण काढून टाकला. ३०६० चा अडसर तर मार्च २०२१ मध्ये एनव्हिडियाच्याच एका बीटा ड्रायव्हरमुळे गळून पडला होता. तेव्हा खोक्यावर एलएचआर लिहिलेलं असणं हा कशाचाच पुरावा नाही. विकणारा खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, त्यालाही कुणीतरी तेच सांगितलं असेल.

सहा महिन्यांत मरतं, हेही तितकंच ऐकीव. मायनिंग करणाऱ्याला वीज वाचवायची असते, म्हणून तो कार्डाची वीज कमी करतो. ३०८० कार्ड गेम खेळताना ३२० वॅटपर्यंत खेचतं, तेच इथेरियमसाठी साधारण सव्वादोनशे वॅटवर चालवायचे. मुख्य चिप त्यामुळे गारच राहते. शिवाय दिवसरात्र एकाच तापमानावर चालणाऱ्या कार्डात चिपखालचे सोल्डरचे बारीक गोळे सारखे प्रसरण-आकुंचन पावत नाहीत. तुमच्याकडे मळ्यातली मोटर बघ. सलग चालणाऱ्या मोटरीपेक्षा दिवसातून वीस वेळा बंद-चालू होणारी मोटर लवकर जळते. रोज संध्याकाळी तापून रात्री थंड होणाऱ्या गेमिंगच्या कार्डावर तो ताण असतो, मायनिंगच्या कार्डावर कमी.

मायनिंगने खरं नुकसान होतं ते मेमरीचं आणि पंख्यांचं. इथेरियमचं गणित मेमरीवर जास्त अवलंबून होतं, त्यामुळे मुख्य चिपची वीज कमी करून मेमरीचा वेग वाढवत. त्यात ३०८० ची जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच तापट. खोलीत हवा खेळती नसली की ती शंभर अंशांच्या वर तासन्‌तास राहायची, आणि ११० अंशांना कार्ड स्वतःहून वेग कमी करतं.

असं कार्ड उघडलं की काय दिसतं ते सांगते, म्हणजे तुझ्या लक्षात येईल. मागचे स्क्रू काढून हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) सावकाश उचलला की मेमरीच्या चिपांवर चौकोनी थर्मल पॅड दिसतात. चांगला पॅड मऊ असतो, बोटाने दाबला की खड्डा पडतो. फार तापून गेलेला पॅड चिमटीत धरला की त्याचा भुगा होतो. त्यातलं सिलिकॉनचं तेल सुटून चिपांभोवती पसरलेलं असतं, दिव्याखाली बोर्ड ओला चकाकतो. गिऱ्हाइकं ते बघून घाबरतात, कार्ड गळायला लागलं म्हणतात. त्या तेलातून वीज वाहत नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते निघतं. मुद्दा पॅडचा आहे. पॅड वाळला की चिप आणि हीटसिंक यांच्यात फट राहते, उष्णता जाते कुठे? नवे पॅड टाकले की हे बहुधा सुधारतं. पण पॅड मूळ जाडीचेच हवेत. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड बसवला तरी हीटसिंक मुख्य चिपवर नीट टेकत नाही, मग मेमरी गार आणि मुख्य चिप भट्टीत. अर्धवट माहितीवर घरी केलेली अशी दुरुस्ती माझ्याकडे नेहमी येते.

आता पुण्याला जाशील तेव्हा काय करायचं ते नीट वाच. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो आणि मेमटेस्ट व्हल्कन ही तीन फुकट सॉफ्टवेअर घेऊन जा, ती इन्स्टॉल न करता चालतात. युनिजिन हेवन हे कार्डावर भार टाकणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला आधीच टाकून ठेवायला सांग. कार्ड बंद असताना पंख्याचं पातं बोटाने हळूच फिरव. खरखर लागली किंवा पातं डुगडुगलं तर बेअरिंग गेलं. पंखा बदलता येतो, तेवढी किंमत कमी करून माग. मग कार्ड लावल्यावर जीपीयू-झेडमध्ये नाव, मेमरी आणि बस इंटरफेस (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातली जोडणी) बघ. ३०८० ला भार असताना एक्स१६ दिसायला हवं. एक्स८ किंवा एक्स४ दिसलं तर आधी कार्ड काढून त्याची सोनेरी पट्टी पुसून परत लाव. तरीही तेच दिसलं, तर बोर्डाच्या स्लॉटचा दोष आहे की कार्डाचा हे तिथे ठरवता येणार नाही, सोडून दे.

नंतर हेवन लाव आणि वीस-पंचवीस मिनिटं बसून राहा. गप्पा मारत बसू नकोस, पडद्याकडे बघ. ठिपके, रंगीत चौकोन, चमकून जाणाऱ्या रेघा, क्षणभर काळा पडदा, यांतलं एकही दिसलं की व्यवहार तिथेच संपला. ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारलं की जाईल’ हे वाक्य कानाआड कर. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तीन आकडे असतात: चिपचं तापमान, हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) आणि मेमरी जंक्शन (मेमरीच्या आतलं तापमान). चिप आणि हॉटस्पॉट यांच्यात पंधरा-वीस अंशांपर्यंत फरक चालतो. तीसच्या पुढे गेला की चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली आहे. मेमरी नव्वदच्या आसपास राहिली तर छान. शंभरच्या वर जाऊन तिथेच ठाण मांडून बसली, तर पॅड बदलायचा खर्च धरून भाव कर. शेवटी मेमटेस्ट व्हल्कन पाच मिनिटं चालव. त्यात एकही चूक निघाली तर कार्ड घेऊ नकोस, कितीही स्वस्त असलं तरी. मेमरीची चिप बदलणं शक्य असतं, पण ते हॉट एअर आणि स्टेन्सिल घेऊन करायचं काम आहे आणि त्या पैशांत तू दुसरं कार्ड घेशील.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस: तुझा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कोणता? ३०८० साठी एनव्हिडिया ७५० वॅट सुचवते. हे कार्ड क्षणभर ठरलेल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, आणि हलक्या एसएमपीएसवर गेम ऐन भरात असताना मशीन धाडकन बंद पडतं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस असेल तर सव्वीस हजारांत नव्या एसएमपीएसची किंमत मिळव आणि मग बाबांशी बोल. हिशेब जड जात असेल तर ३०६० टाय बघ. त्याला २०० वॅट लागतात आणि त्याची जीडीडीआर६ मेमरी इतकी तापत नाही. मात्र एनव्हिडियाच्या जीडीडीआर६ कार्डांवर मेमरीचं तापमान एचडब्ल्यूइन्फोला दिसत नाही, तिथे मेमटेस्टवरच भिस्त ठेवायची.

प्रश्न : मी रत्नागिरीचा निवृत्त शिक्षक. नातू बारावीनंतर ॲनिमेशन शिकणार आहे. मुंबईच्या उपनगरातील एका विक्रेत्याने जाहिरातीत कार्डाचे फोटो टाकले आहेत, कार्ड अगदी नव्यासारखे स्वच्छ दिसते. कुरिअरने पाठवतो म्हणतो, अर्धे पैसे आधी मागतो. आपले मत कळवावे.

काका, आधी पैशांचं सांगते. आगाऊ पैसे पाठवू नका. जाहिरातींच्या साइटवर लष्करात असल्याचं सांगून, बदली झाली म्हणून सामान विकतोय असं भासवून फसवणारे बरेच आहेत. ‘क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे टोकन परत येईल’ असंही सांगतात. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. चुकून असं काही झालंच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर तक्रार जाते तितकी रक्कम वाटेत थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

आता स्वच्छतेबद्दल. वापरलेलं कार्ड नव्यासारखं लखलखीत दिसलं की मी जास्त बारकाईने बघते. रिगमधली (मायनिंगसाठी अनेक कार्डं एकत्र जोडलेल्या मशीनमधली) कार्डं काळ्या धुळीने भरलेली असतात आणि विकण्यापूर्वी काही जण ती चक्क पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुतात. अल्कोहोल आणि ब्रशने स्वच्छ केलेल्या कार्डाला काही होत नाही. पाण्याने धुतलेल्या कार्डात चिपांच्या खाली ओल राहते. ती वरून दिसत नाही आणि काही महिन्यांनी आतून गंज धरते. खुणा मात्र राहतात. एचडीएमआयच्या तोंडाच्या कडा, पाठीमागच्या पट्टीचे स्क्रू, वीजजोडणीच्या पिना बोर्डाच्या मागे जिथे सोल्डर केलेल्या असतात ती जागा, इथे पांढरी बुरशीसारखी पूड किंवा हिरवट कड दिसते का बघायचं. समुद्रकिनाऱ्याजवळ खिडकीशी ठेवलेल्या कार्डांवरही हेच दिसतं, कधीच मायनिंग न केलेल्या कार्डांवरसुद्धा. तुमच्या गावच्या हवेत पुढे ते वाढतच जाईल. म्हणून गंजाची सुरुवात झालेलं कार्ड रत्नागिरीसाठी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

नातवाला सुट्टीत मुंबईला घेऊन जा आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात समोर चालवून बघून घ्या. तिथे जुन्या कार्डावर काही दिवसांची टेस्टिंग वॉरंटी देणारे दुकानदार आहेत. ती तोंडी नको, बिलावर सीरियल नंबरसह लिहून घ्या. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. ॲनिमेशनसाठी ब्लेंडर हे सॉफ्टवेअर लागणार, तर आरटीएक्स मालिकेतलंच कार्ड बघा, आरटीएक्स ३०६० पुरेल. त्यात १२ जीबी आणि ८ जीबी असे दोन प्रकार आहेत, नाव तेच. ८ जीबीवाल्याची मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारी वाटही अरुंद आहे. १२ जीबीच मागा.

प्रश्न : आरएक्स ५८० ८ जीबी, ‘नवीन, बॉक्स पॅक’, साडेसहा हजार. घेऊ का? ब्लेंडर आणि थोडे गेम. — सोलापूर

जीपीयू-झेडमध्ये शेडर (चिपमधले गणित करणारे छोटे भाग) किती दाखवतंय ते बघा. मूळ आरएक्स ५८० मध्ये २३०४ असतात. २०४८ दिसले तर ते ‘५८० २०४८एसपी’, म्हणजे ताकदीने आरएक्स ५७० च. मायनिंगच्या कार्डांवरच्या चिपा काढून, नव्या बोर्डावर बसवून, नव्या खोक्यात घालून विकलेला असा माल बाजारात खूप आहे. खोकं नवं असलं तरी चिप राबलेली असते.

पण तुम्ही ब्लेंडर लिहिलंय म्हणून माझं उत्तर नाही असंच आहे. डिसेंबर २०२१ च्या ब्लेंडर ३.० पासून ओपनसीएल (ज्याच्या आधारे ब्लेंडर अशा कार्डांकडून काम करून घेई) काढलं गेलं, त्यामुळे ब्लेंडरच्या सायकल्स या इंजिनाचं रेंडरिंग या कार्डावर होत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. एएमडीनेही (आरएक्स कार्डं हिचीच) २०२३ पासून या पिढीचे ड्रायव्हर फक्त अत्यावश्यक दुरुस्त्यांपुरते ठेवले आहेत. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० बद्दल विचारणाऱ्यांनाही हेच लागू. २०२५ च्या ऑक्टोबरनंतर त्यांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतील. मायनिंग झालं की नाही यापेक्षा हा विचार इथे महत्त्वाचा.

प्रश्न : पी१०६-१०० नावाचं ६ जीबी कार्ड फार स्वस्त मिळतंय. १०६० सारखंच आहे म्हणतात. माझा प्रोसेसर इंटेल १२१००एफ आहे. — अकोला

चिप १०६० चीच आहे, पण हे कार्ड खास मायनिंगसाठी बनवलेलं आहे. त्याला मॉनिटर लावायची जागाच नाही. ड्रायव्हरमध्ये खटपट करून चित्र मदरबोर्डच्या पोर्टमधून बाहेर काढणारे लोक आहेत. त्यासाठी प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स लागतं. तुमचा प्रोसेसर १२१००एफ आहे. त्या शेवटच्या एफचा अर्थ आत ग्राफिक्स नाही. तुमच्याकडे पडदा काळाच राहील. सीएमपी ३०एचएक्स, ४०एचएक्स अशी नावं दिसली तरी हेच समजा.

प्रश्न : मी जळगावचा. २०२१ मध्ये आरएक्स ५७०० एक्सटी तीन आणि जीटीएक्स १६६० सुपर तीन अशी रिग लावली होती. २०२२ नंतर सगळं खोक्यात बांधून माळ्यावर ठेवलं. आता विकायची आहेत. मायनिंगचं सांगितलं की लोक फोन ठेवतात, आणि लपवून विकायला मन होत नाही. मार्ग सांगा.

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. लपवू नका. सांगून विकणाऱ्याचं कार्ड मी माझ्या गिऱ्हाइकाला बेधडक घ्यायला सांगते, कारण त्या कार्डावर काय झालं ते मला कळतं.

आधी कार्डं तपासा. जळगावच्या उन्हाळ्यात माळ्यावर पडून राहिल्यावर थर्मल पेस्ट नक्की वाळली असेल. सहाही कार्डांची पेस्ट बदला, धूळ ब्लोअरने काढा. ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवा, ते हवेने गरगर फिरू देऊ नका. १६६० सुपरच्या बायोसची (कार्डाच्या आत साठवलेल्या मूळ प्रोग्रामची) चिंता नको. एनव्हिडियाच्या या पिढ्यांचा बायोस सहीबंद असतो, त्यात फेरफार करणं सोपं नाही. ५७०० एक्सटीत मात्र तुम्ही किंवा ज्याने रिग लावून दिली त्याने मेमरीची टायमिंग बदललेला बायोस टाकला असण्याची दाट शक्यता आहे. अशा बायोसवर मायनिंग चालतं, पण गेममध्ये पडदा काळा होतो, आणि घेणारा म्हणतो की कार्ड खराब दिलं. काही मॉडेलांच्या कडेला बारीक स्विच असतो, दोन बायोसपैकी एक निवडायचा. मायनिंगवाले बहुधा एकच बदलतात, त्यामुळे स्विच दुसरीकडे सरकवला की मूळ बायोस मिळू शकतो. स्विच नसेल तर टेकपॉवरअप या वेबसाइटच्या संग्रहातून तुमच्या अचूक मॉडेलचा बायोस उतरवा. अचूक म्हणजे मेमरी चिपांची कंपनीसुद्धा जुळली पाहिजे, सॅमसंग की मायक्रॉन ते जीपीयू-झेडमध्ये दिसतं. आत असलेल्या बायोसची प्रत आधी जपून ठेवा आणि मगच नवा टाका. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर हे काम यूपीएसवर करा.

मग प्रत्येक कार्डाचा अर्ध्या तासाच्या चाचणीचा व्हिडिओ काढा, सुरुवातीला सीरियल नंबरची पट्टी दाखवून. जाहिरातीत सरळ लिहा: अमुक काळ इथेरियमसाठी चाललं, अमुक वॅटवर, पेस्ट बदलली, मूळ बायोस टाकला, बिल आहे, सात दिवसांत दोष निघाला तर पैसे परत. फोन कमी येतील, पण जे येतील ते घेणारे असतील. भाव बाजारापेक्षा थोडा खालीच ठेवावा लागेल, त्याला इलाज नाही.

एक विनंती आहे. कार्डांबरोबर रायझर (कार्ड मदरबोर्डापासून लांब जोडायच्या पट्ट्या) देऊन टाकू नका. विशेषतः साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या वायरवर वीज घेणारे. ती वायर तेवढ्या भारासाठी नसते, कनेक्टर वितळलेले मी पाहिले आहेत. ते ई-कचऱ्यात टाका.

प्रश्न : मी नागपूरला वकिली करते. पक्षकारांची आणि साक्षीदारांची मराठी ध्वनिमुद्रणं लिहून काढायला फार वेळ जातो. गोपनीयतेमुळे ती इंटरनेटवर टाकता येत नाहीत, म्हणून घरच्याच संगणकावर एआय मॉडेल चालवायचं आहे. भाच्याने मायनिंगचं आरटीएक्स ३०९० सुचवलंय, २४ जीबीचं, साठ हजारांना. योग्य आहे का?

गोपनीयतेचा तुमचा विचार अगदी बरोबर आहे, आणि काम घरच्या मशीनवर होण्यासारखं आहे. पण या कामासाठी ३०९० लागत नाही. ओपनएआयचं व्हिस्पर हे मॉडेल उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतं आणि त्याला मराठी कळतं. त्याच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीला साधारण १० जीबी मेमरी लागते. म्हणजे वर काकांना सुचवलं तेच १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० तुम्हाला चालेल. त्याला १७० वॅट लागतात, ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो. उरलेल्या पैशांत बॅकअपसाठी दोन हार्ड डिस्क आणि एक यूपीएस घ्या. तुमच्या कामात त्यांची गरज जास्त आहे.

भाचा पुढे मोठी भाषिक मॉडेलं चालवायची म्हणत असेल तर २४ जीबीला अर्थ आहे. तरी ३०९० बद्दल एक गोष्ट त्याला सांगा. या कार्डावर मेमरीच्या चोवीस चिपा आहेत, त्यांतल्या बारा बोर्डाच्या मागच्या बाजूला. पंखे पुढच्या बाजूला, त्यामुळे मागच्या बारा चिपांची उष्णता फक्त पाठीच्या पत्र्यातून बाहेर पडते. मायनिंगमध्ये सर्वांत जास्त भाजल्या त्या याच. (३०९० टायमध्ये सगळ्या चिपा पुढे आणल्या आहेत.) म्हणून चाचणी घेताना मेमरीचं तापमान तर बघाच, शिवाय मेमटेस्ट पाच मिनिटांवर न थांबवता तासभर चालू द्या. पाठीचा पत्रा काढून पॅड बदललेले असतील तर ते वाईट लक्षण मानू नका. विकणाऱ्याने पॅड कोणते आणि किती जाडीचे टाकले ते सांगितलं, तर त्याने काम समजून केलंय.

आणि ही चाचणी डिसेंबरातल्या गारठ्यात घेतली असेल तर आलेल्या आकड्यात भर घाला. खोलीचं तापमान पंधरा-वीस अंशांनी वाढलं की कार्डाचंही जवळपास तितकंच वाढतं. डिसेंबरात ९४ दाखवणारी मेमरी नागपूरच्या मे महिन्यात एसीशिवाय ११० वर पोचेल आणि कार्ड रेंगाळायला लागेल. ३०६० घेतलंत तरी ध्वनिमुद्रणं लिहून काढायचं काम उन्हाळ्यात रात्री लावून ठेवा. एखादी जुनी, गोपनीय नसलेली ध्वनिफीत आधी चालवून बघा. वऱ्हाडी बोली आणि न्यायालयातले शब्द मॉडेल कुठे चुकवतंय ते कळेल, आणि तपासायला माणसाला किती वेळ लागेल याचा अंदाज येईल. काय अनुभव आला ते जरूर कळवा.